शेवटच्या नावाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याकडे निदान घंटा होईपर्यंत तरी कोणी ना कोणी बघत असतं. मी जिन्याखालचा फळा. नेरूळच्या सप्तरंग सोसायटीत, तळमजल्यावर, टपालपेट्या आणि विजेचे मीटर यांच्या मधल्या भिंतीवर मी अठरा वर्षं लटकलो. आता माझ्या जागी काचेचं कुलूपबंद कपाट आलं आहे, आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभा आहे. माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. पण तुम्ही इथवर आलाच आहात, तर रडगाणं नंतर गाऊ. आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म बोनकोड्याचा. तिथे गोटीराम नावाचे एक सुतार होते. त्या काळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांसाठी परदेशातून यंत्रं यायची, ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांत बसून. यंत्र आत गेलं की खोकं बाहेर पडायचं. गोटीराम त्या खोक्यांच्या फळ्या घरी आणत आणि त्यांची कपाटं, पाट, देव्हारे करत. त्यांनी मला रंधा मारला, चार फळ्या जोडून एक केली आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. पाठीवर मात्र रंधा फिरवायचा त्यांनी कंटाळा केला. तिथे अजून परक्या भाषेतली अर्धीमुर्धी छापील अक्षरं आहेत. ती काय आहेत ते मला माहीत नाही. आपल्या पाठीवरचं आपल्याला कसं वाचता येणार?

मी कामाला लागलो तो १९८६ साली. पाणी किती वाजता येणार, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, कोणाच्या घरी मुलगा झाला, कोणाचे आजोबा गेले, हे सगळं माझ्या अंगावर लिहिलं जाई. वर तारीख आणि वार, मध्ये मजकूर, आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात चिटणिसांचं नाव. हा आमच्या सोसायटीचा रिवाज होता. सूचना नसेल त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाताई शिराळकर सुविचार लिहीत. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. येणारीजाणारी माणसं सुविचार वाचत नसत, अक्षर वाचत. 'काय सुरेख लिहिलंय!' असं कोणी म्हटलं की मला आपलं वाटे, ही माझीच स्तुती. काळ्या माणसाला पांढरं कौतुक फार मानवतं, मित्रांनो.

मीनाताई फोर्टातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला होत्या. जगभरच्या बातम्या घेऊन खडखडत राहणाऱ्या टेलिप्रिंटरवरचे लांबच लांब कागद फाडायचे आणि ज्याचे त्याच्या टेबलावर पोचवायचे, हे त्यांचं काम. पहाटेची पाळी करून दुपारी तीनला त्या घरी परतत. त्यांचे यजमान दिनानाथ तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. माणूस मूळचा सांगलीचा, आणि सांगलीचा म्हणजे सायकलवर जीव टाकणारा. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या होत्या. कामावरही ते सायकलनेच जात.

जुलै महिना आला की या दोघांचा एक सण असे. युरोपात तेव्हा तीन आठवड्यांची मोठी सायकलशर्यत चालते. एकूण एकवीस टप्पे. रोज एक टप्पा, रोज नवा रस्ता, मध्ये बर्फाचे डोंगर. रोजच्या वेळा एकात एक मिळवत जातात आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो सगळ्यांच्या पुढे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना त्याचं काय! क्रिकेटच्या पायाशी एखादी ओळ छापली तर छापली. ती सगळी नावं आणि वेळा कचेरीतल्या कचऱ्याच्या टोपलीत जात. मीनाताई तो कागद टोपलीतून उचलत आणि घडी घालून घरी आणत.

पहिल्या पाळीहून आलेले दिनानाथ माझ्याखालीच वाट बघत उभे असत. "आला का कागद?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वर जाईपर्यंतही धीर नसे. दोघं तिथेच, टपालपेट्यांना टेकून, डोकी जवळ आणून तो कागद वाचत. आणि पहिला कोण हे कळल्यावर दिनानाथ नेमकं विचारत, "आणि शेवटचा कोण?"

"तुम्हाला शेवटच्याचंच काय पडलंय हो?" एकदा मीनाताई म्हणाल्या.

"पहिल्याच्या मागे सगळं जग धावतं," दिनानाथ म्हणाले. "शेवटच्याच्या मागे फक्त झाडूची गाडी असते."

हे खरंच आहे, मित्रांनो. त्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. दमला, हरला, सायकल टाकली, की तो माणूस त्या गाडीत बसतो. आणि न बसता जो रेटत राहतो त्यालाही मुदत असते. पहिला पोचल्यावर ठरावीक वेळात जो पोचला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी निघूच देत नाहीत. त्यामुळे शेवटच्याची शर्यत पहिल्याशी नसतेच. ती घड्याळाशी असते.

अशी सहासात वर्षं गेली. मग १९९३च्या दिवाळीत दिनानाथांचा कारखाना बंद झाला.

पहिले काही दिवस ते सकाळी वेळेवर खाली उतरत आणि फाटकापर्यंत जाऊन परत येत. मग तेही थांबलं. मी जिन्याखालचा प्राणी, मला माणसं पावलांवरून कळतात. होळी झाली, पाडवा झाला, आंब्याच्या पेट्या वर गेल्या, पण दिनानाथांची पावलं काही उतरली नाहीत. मीनाताईंच्या अक्षराची वेलांटी आखूड होत गेली. मला माझ्या लाकडात आत कुठेतरी दुखायचं. फळ्याला दुखतं का, असं विचारू नका. दुखतं.

आमचे वॉचमन कमळाकर जवळच्या करावे गावचे; त्यांच्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' आणि 'ड'-'ढ'चा बऱ्याचदा 'र' होई. वडिलार्जित भातशेती सरकारने शहरासाठी घेतली, तेव्हापासून ते फाटकावर बसत. रोज नवा मजकूर लिहिण्याआधी ओल्या फडक्याने मला पुसायचं कामही त्यांचंच. जूनच्या अखेरीला एका दुपारी मीनाताई त्यांना म्हणाल्या, "कमळाकरकाका, आठ महिने झाले, हे जिना उतरत नाहीत. दाढीसुद्धा करत नाहीत. म्हणतात, खाली कोणी विचारलं, काय करता, तर काय सांगू?"

कमळाकर म्हणाले, "मानूस जालीन आरकला की जाला वडून चालत नाय, बाय. त्यालाच बाहेर येवाला पायजे."

दुसऱ्या आठवड्यात शर्यत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मीनाताई आल्या, पर्समधून घडीचा कागद काढला, आणि वर न जाता खडू हातात घेतला. सुविचाराच्या जागी त्यांनी लिहिलं: 'टप्पा पहिला.' मग पहिल्याचं नाव. मग थोडी जागा सोडून, अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, शेवटच्याचं नाव: 'एमिल गारो.' आणि कागदाचे बारीक तुकडे करून त्यांनी ते मीटरशेजारच्या डब्यात टाकले.

"घरी मी एक अक्षर सांगणार नाही," त्या कमळाकरांना म्हणाल्या. "खाली लिहिलंय एवढंच सांगेन. वाचायचं असेल तर या म्हणावं."

आता माझ्यावर केवढी जबाबदारी आली बघा. पाण्याच्या वेळा सांगणारा मी, माझ्या जिवावर एका माणसाला तीन मजले उतरवायचं होतं. मी वाट पाहू लागलो. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. सहा दिवस गेले. एमिल गारो सहाही दिवस शेवटचा होता आणि दिनानाथ सहाही दिवस वरच होते. मीनाताईंचा चेहरा उतरत चालला. सातव्या दिवशी तर त्या खडू हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

पण मधल्या काळात सोसायटीत निराळंच शिजत होतं. तुम्हाला सांगितलंच आहे, आमच्या रिवाजाप्रमाणे खाली उजव्या कोपऱ्यात चिटणिसांचं नाव असे. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमेधाताईंनी सहा दिवस तिथे 'एमिल गारो' वाचलं आणि त्यांनी सरळ ठरवून टाकलं की सोसायटीला नवा चिटणीस आला आहे. त्यांच्या न्हाणीघराचं छत गळत होतं. त्या कमळाकरांना विचारू लागल्या, हे गारो कुठल्या खोलीत राहतात आणि कधी भेटतात! हे आमच्या खऱ्या चिटणिसांच्या, म्हणजे बाबासो चौगुल्यांच्या कानावर गेलं. त्या सातव्या दुपारी बाबासो तडक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आपल्या जागी दुसऱ्याचं नाव पाहून त्यांच्या मिशा थरथरल्या. अक्षर कोणाचं हे त्यांना लगेच कळलं, आणि शेजारी उभ्या मीनाताईंना बोलायची संधीही न देता ते तरातरा जिना चढले.

आमचा जिना म्हणजे बोलका. तिसऱ्या मजल्यावरचं दार वाजलं ते मला ऐकू आलं.

"काय ओ शिराळकर," बाबासोंचा आवाज दणाणला, "ह्यो एमिल गारो कोन ठेवून घेतलाय तुमी? पोटभाडेकरू ठिवायचा तर सोसायटीला कळवायला नको व्हय? आन् वर चिटणीस म्हनून नाव लावतोय!"

मीनाताई खाली माझ्यापाशीच उभ्या होत्या. त्यांनी खडू घट्ट धरला होता. आणि वरून एक आवाज आला, जो त्या जिन्याने आठ महिन्यांत ऐकला नव्हता. दिनानाथ हसत होते. आधी खोकल्यासारखं, मग खदखदून.

"बाबासो, चला. दाखवतो तुम्हाला कोण ते."

दोन माणसांची पावलं उतरू लागली. एक चपलांची, एक अनवाणी. मी एकेक पायरी मोजली. छप्पन्न. दिनानाथ पायजमा-बनियनवर होते, दाढी छातीकडे निघाली होती, डोळे उजेडाला बिचकत होते. ते माझ्यासमोर आले आणि आधी त्यांनी स्वतःच मला वाचून काढलं, वरपासून खालपर्यंत. मग बोट ठेवून बाबासोंना सगळं समजावलं. टप्पे काय, बेरीज काय, मुदत काय, झाडूची गाडी काय. बाबासो कोल्हापूरकडचे. अर्ध्या तासात त्यांच्या रागाचं पाणी झालं आणि शेवटी त्यांनी विचारलं, "मग ह्यो गडी पोचंल का ओ शेवटापर्यंत?"

"बघू," दिनानाथ म्हणाले. मीनाताईंनी पदराने हातावरचा खडू पुसला आणि तोच पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवसापासून रोज तीनला दिनानाथ खाली येऊ लागले. दोन दिवसांनी अंगात सदरा आला, चौथ्या दिवशी दाढी गेली. मीनाताई आता नावांच्या मध्ये त्या दिवसाच्या रस्त्याची वरखाली रेघ काढत, कुठे चढ, कुठे उतार. येणारेजाणारे थांबत. पहिल्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नसे, पण गारो सगळ्यांच्या तोंडी झाला होता. बाबासोंनी स्वतःची सही डाव्या कोपऱ्यात हलवली. याहून मोठा मान आमच्या सोसायटीत कोणाला मिळालेला नाही.

"आमचे गावान होड्यांची शर्यत व्हते," कमळाकर एकदा म्हणाले, "तवा सेवटची होडी आल्याबिगर नारल फोरत नाय."

मला ते दिवस स्वप्नासारखे आठवतात. दुपारी दोनच्या सुमाराला जिन्यात चिटपाखरू नसे. पावसाचा ओला उजेड फरशीवर पसरलेला असे, मीटर हळूच गुणगुणत, आणि कालची रेघ अजून माझ्या अंगावर असे. मला वाटे, त्या रेघेवरून कोणीतरी चढतंय. मी डोळे मिटून, म्हणजे फळे जसे मिटतात तसे मिटून, ऐकत राही. बारीक साखळीची करकर. श्वास. वर कुठेतरी ढग. मग मला माझ्या पाठीवरची परकी अक्षरं आठवत. मी खोक्याआधी झाड होतो. कोण जाणे, त्याच डोंगराच्या अंगावर उभा असेन. असाच एखादा शेवटचा माणूस माझ्या सावलीतून पुढे गेला असेल. तो कोण होता हे झाडाला कोणी सांगितलं नसेल, मी मात्र आता त्याच्यासारख्याच एकाचं नाव अंगावर वागवत होतो. या विचारात इतकं गोड वाटे की तीन कधी वाजले ते कळत नसे.

एके दिवशी बाबासोंनी बातमी आणली. तुर्भ्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर घेणार होते. शुक्रवारी सकाळी नऊला फाटकावर रांग.

"पंचविशीची पोरं असतील तिथे," दिनानाथ म्हणाले. "माझं वय अठ्ठेचाळीस. त्यांच्या मागे मी शेवटचा उभा राहू? नको." आणि ते वर निघून गेले. मीनाताई जिन्याकडे बघत राहिल्या. हा माणूस फळ्यापर्यंत आला होता, फाटकापर्यंत नाही. आणि शर्यत संपायला थोडेच दिवस राहिले होते.

मग सतरावा टप्पा आला. सगळ्यात मोठा डोंगर त्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मीनाताई आल्या तेव्हा नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. कागद उघडून त्यांनी कमळाकरांना सांगितलं, "काका, गारो बाहेर पडला. मुदत संपल्यावर चार मिनिटांनी पोचला. गाडीत बसला नाही हो, पोचला. पण चार मिनिटं उशिरा."

मला वाटलं माझी खुंटीच निसटली.

मीनाताईंनी पहिल्याचं नाव लिहिलं. रेघ काढली. मग खाली आल्या आणि थांबल्या. "मी आपलं गारोचंच नाव लिहिते," त्या पुटपुटल्या. "चार दिवस तर राहिलेत. यांना कोण सांगायला येणार आहे? हा गेला कळलं, तर हे पुन्हा वर जाऊन बसतील. मग मी काय करू?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं, लिहा. खोटं तर खोटं. आठ वर्षांत मी पाण्याच्या वेळा काय कमी खोट्या सांगितल्या होत्या? पण कमळाकर म्हणाले, "नको लिवू, बाय. गाडीन न बसता त्यो डोंगर चरला, ता खोटा व्हईल."

मीनाताईंनी डोळे मिटले, आणि लिहिलं: 'एमिल गारो, मुदतीनंतर चार मिनिटे. शर्यतीतून बाद.'

दिनानाथ आले. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हात पुढे करून त्या ओळीवर बोट टेकवलं, इतकं हलकं की खडूसुद्धा पुसला नाही. मग ते वळले आणि जिना चढू लागले. मी पायऱ्या मोजल्या. छप्पन्न. दार लागलं.

गुरुवार. मीनाताईंनी पहिल्याचं नाव लिहिलं आणि खालची जागा तशीच सोडली. तीन वाजले, सव्वातीन वाजले. सुमेधाताई येऊन गेल्या, बाबासो उगाच घुटमळले, कमळाकर फाटक सोडून दोनदा आत डोकावले. साडेतीनला मीनाताईंनी पर्स उचलली आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

वर दार उघडलं.

दिनानाथ उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"शेवटची ओळ कुठाय?"

"गारो नाही ना आता," मीनाताई हळूच म्हणाल्या.

"म्हणून काय झालं? गारो गेला म्हणजे शेवटचा कोणी उरला नाही का? त्याच्या पुढे होता तो आज शेवटचा झाला असेल. शेवटी कोणीतरी असतंच, मीना. त्यात लाज कसली? नाव काढ."

मीनाताईंनी पर्समधून कागद काढला. "पाओलो रेन्झी."

दिनानाथांनी त्यांच्या हातातला खडू घेतला. अक्षर त्यांचं वाईट, कोंबडीच्या पायासारखं. त्या वाईट अक्षरात त्यांनी उजव्या कोपऱ्यात लिहिलं: 'पाओलो रेन्झी.' मग हात झटकले आणि बाबासोंकडे वळून विचारलं, "उद्या नऊला म्हणालात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते जिना उतरले, माझ्यासमोरून गेले आणि फाटकाबाहेर पडले. दुपारी परत आले ते नोकरीशिवाय. रांगेत छत्तीस माणसं होती आणि हे छत्तिसावे होते. पुढच्या शुक्रवारी ते दुसऱ्या रांगेत उभे राहिले. नोकरी लागली ती गणपतीनंतर, महाप्याला, पगार पहिल्यापेक्षा कमी. त्या संध्याकाळी कमळाकरांनी माझ्याखाली नारळ फोडला आणि पाणी माझ्या अंगावर उडालं.

पुढे मीनाताईंच्या कचेरीत संगणक आले, दिनानाथ-मीनाताई निवृत्त होऊन सांगलीला गेले, काचेचं कपाट आलं, आणि कोणीतरी मला वर आणून ठेवलं. माझी तक्रार आहे, नाही असं नाही. तुमच्यापैकी कोणाला रंगाचा एक हात द्यावासा वाटला तर मी नको म्हणणार नाही.

पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. खाली जाताना तुमच्या जिन्याकडे लक्ष ठेवा. कोणाची पावलं बरेच दिवस ऐकू आली नसतील, तर वर जा आणि दार वाजवा. कारण सापडत नसेल तर थांबू नका. खोटं नको, पण बाबासोंसारखं चुकीचं कारण असलं तरी चालतं. दार उघडलं की पुढचं ते माणूस आपलं आपण बघतं.